शाळेतील जुन्या क्रीडानोंदी आणि लिंगबदलानंतरची गोपनीयता : कोकणातील वाचकांसाठी मार्गदर्शक

लिंगबदल केलेल्या व्यक्तीचे आधार कार्ड, पॅन कार्ड आणि बँकेचे पासबुक नव्या नावाने तयार झाले, तरी शाळेच्या कबड्डी संघाची यादी जुन्याच नावाने राहते. ती यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या फाईलमध्ये असते, शाळेच्या सभागृहातील सन्मानफलकावर रंगवलेली असते आणि अलीकडची असेल तर फेसबुकवरही असते. कोकणात नावाबरोबर वडिलांचे नाव, आडनाव आणि वाडी कळली की माणूस ओळखायला आणखी काही लागत नाही. त्यातच ती नोंद ‘मुली, १७ वर्षांखालील’ अशा गटाखाली असेल, तर जी गोष्ट कोणाला सांगायची आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, ती गोष्ट कागदच परस्पर सांगून टाकतो.

हा लेख रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना या नोंदींबाबत काहीतरी करायचे आहे, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही. पारलिंगी (ट्रान्सजेंडर) खेळाडूंनी यापुढे कोणत्या गटात खेळावे, हा वेगळा विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही. येथे विषय फक्त खेळून झालेल्या सामन्यांच्या कागदांचा आहे.

आधी यादी, मग अर्ज

कामाची सुरुवात अर्जाने करू नये, आपल्या नोंदी कोठे कोठे आहेत त्यांच्या यादीने करावी. शालेय क्रीडा स्पर्धा तालुक्यापासून सुरू होऊन जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पातळ्यांनी वर जातात, आणि खेळाडू जितका वर गेला तितक्या अधिक कार्यालयांत त्याचे नाव पोहोचते. राज्यात या स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या अखत्यारीत होतात आणि जिल्ह्यातील काम जिल्हा क्रीडा अधिकारी पाहतात. क्रीडा खात्याच्या रचनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूर विभागात येतात, तर रायगड मुंबई विभागात. त्यामुळे विभागीय स्पर्धा खेळलेल्या मालवणच्या खेळाडूने आपली नोंद कोल्हापूरच्या विभागीय कार्यालयातही असेल असे धरून चालावे. राष्ट्रीय शालेय स्पर्धा खेळली असेल, तर स्कूल गेम्स फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था यादीत येते. त्या खेळाच्या जिल्हा संघटनेच्या खुल्या स्पर्धा खेळल्या असतील, तर ती संघटनाही येते.

दहावी किंवा बारावीला खेळाचे सवलतीचे गुण घेतले असतील, तर आणखी एक ठिकाण विसरू नये. त्या गुणांचा प्रस्ताव शाळेकडून जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत शिक्षण मंडळाकडे जातो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ते कोकण विभागीय मंडळ असून त्याचे कार्यालय रत्नागिरीत आहे. रायगडच्या शाळा मुंबई विभागीय मंडळाकडे येतात.

वहीत प्रत्येक नोंदीसमोर चार गोष्टी लिहाव्यात : कागद कोणाकडे आहे, त्यावर नेमके काय दिसते, तो आज कोण पाहू शकतो आणि पुढे आपल्याला तो लागणार आहे का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडील मूळ प्रमाणपत्रांचे दोन्ही बाजूंनी स्कॅन याच वेळी करून ठेवावेत. कोकणच्या पावसाळ्यात दमट कपाटांतली रजिस्टरे बुरशी आणि वाळवीच्या तोंडी जातात, आणि शाळेची प्रत नष्ट झाल्यावर आपल्या हातातील कागद हा एकमेव पुरावा उरू शकतो.

काय मागायचे, हे ठरवणे

नव्याने या कामात उतरणाऱ्या बहुतेकांची पहिली इच्छा सगळे पुसून टाकण्याची असते. ती इच्छा समजण्यासारखी आहे, तरीही अशी सरसकट मागणी करू नये, असे माझे ठाम मत आहे. शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदींचे मुख्य रजिस्टर, हा कायमस्वरूपी जपायचा दस्तऐवज मानला जातो, आणि सरकारी कार्यालयांतील कागदपत्रांना महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू असल्याने कोणताही अधिकारी आपल्या मर्जीने ती नष्ट करू शकत नाही. नष्ट करण्याची मागणी केली की पहिलेच उत्तर नकाराचे येते, आणि एकदा लेखी नकार आला की पुढची रास्त मागणीही त्याच फाईलमध्ये अडकते. शिवाय तो सामना आपणच खेळलो होतो. त्या मेहनतीचा पुरावा उद्या नोकरीसाठी, प्रशिक्षकाच्या कामासाठी किंवा केवळ स्वतःसाठी हवा असू शकतो.

म्हणून तीन मागण्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात. पहिली, नोंदीतील नाव व लिंग दुरुस्त करून नव्या नावाने प्रत द्यावी. दुसरी, जुनी नोंद जपायचीच असेल तर ती बंद लखोट्यात किंवा मर्यादित हाताळणीच्या फाईलमध्ये ठेवावी. तिसरी, जुने नाव, जुना फोटो किंवा दोन नावांमधील संबंध कोणत्याही तिसऱ्या व्यक्तीला सांगू नये व प्रसिद्ध करू नये. बहुतेक कार्यालयांत तिसरी मागणी सर्वांत लवकर मान्य होते, कारण तिच्यासाठी रजिस्टरात एक अक्षरही बदलावे लागत नाही.

हक्काचा आधार

अर्जात चार आधार पुरेसे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला, आणि त्याखालील नियम २०२० मध्ये आले. त्या अधिनियमाच्या मूळ पाठानुसार कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेल्या ओळख प्रमाणपत्राप्रमाणे सर्व अधिकृत कागदपत्रांत लिंगाची नोंद करणे बंधनकारक आहे, आणि कलम ७ प्रमाणे प्रमाणपत्रधारकाला जन्मदाखल्यासह अशा कागदपत्रांतील पहिले नाव बदलून घेता येते. नियमांनुसार संबंधित कार्यालयाने अर्ज आल्यापासून १५ दिवसांत हा बदल करायचा असतो, आणि बदललेल्या कागदावर मूळचाच अनुक्रमांक राहतो. हा अनुक्रमांकाचा नियम फार उपयोगी आहे, कारण त्यामुळे नवी प्रत ही जुन्याच नोंदीची आहे हे जुने नाव न छापताही सिद्ध होते. कायद्यात दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज लिहिण्याच्या आठवड्यात कलमांचा चालू पाठ इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर पाहून मगच कलम क्रमांक घालावेत.

ओळख प्रमाणपत्र अजून काढलेले नसेल, तर बाकी सर्व कामाआधी तेच काढावे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर अर्ज ऑनलाइन करता येतो. गावातल्या सेतू केंद्रात ओळखीच्या माणसासमोर हा अर्ज भरण्याचा संकोच वाटत असेल, तर तो घरून किंवा दुसऱ्या तालुक्यातून भरावा. तसे करण्यात काहीच गैर नाही.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट इशारा द्यायला हवा. नाव बदलायचे म्हटले की आपल्याकडे सर्व जण राजपत्राचा (गॅझेटचा) रस्ता दाखवतात. महाराष्ट्र शासन राजपत्रातील जाहिरातीत जुने नाव आणि नवे नाव एकाच ओळीत शेजारी शेजारी छापले जाते, आणि तो अंक इंटरनेटवर कायमचा उपलब्ध राहतो. ज्याला दोन नावांमधील संबंध झाकायचा आहे, त्याने तो स्वतःच्या खर्चाने प्रसिद्ध करावा, असे हे होते. पहिले नाव बदलण्यासाठी ओळख प्रमाणपत्र पुरेसे असल्याचे अर्जात लिहावे, आणि कार्यालयाने तरीही राजपत्र मागितले तर कोणत्या नियमाखाली मागितले हे लेखी विचारावे. आडनाव किंवा वडिलांचे नाव बदलायचे असेल, तर मात्र प्रश्न वेगळा होतो आणि वकिलांचा सल्ला घेणे बरे.

शाळेत जाताना

कोकणातील अनेक माध्यमिक शाळा शिक्षण संस्थांच्या आहेत, आणि त्या संस्थांचे पदाधिकारी पुष्कळदा मुंबईत राहतात. रजिस्टर मुख्याध्यापकांच्या ताब्यात असते, पण थोडा अवघड वाटणारा निर्णय ‘संस्थेला विचारतो’ म्हणून पुढे जातो, आणि त्या वाटेवर आपली गोष्ट दहा जणांच्या कानी पडते. म्हणून पहिली भेट फक्त मुख्याध्यापकांची घ्यावी, त्यांच्या खोलीत घ्यावी आणि अर्ज बंद लखोट्यात ‘गोपनीय’ असे लिहून द्यावा. आवक क्रमांक घेताना आवक वहीत विषय ‘नोंदीबाबत अर्ज’ एवढाच लिहिण्याची विनंती करावी. ही वही कार्यालयातील कोणीही चाळू शकतो. जून महिना प्रवेश आणि दाखल्यांच्या गर्दीचा असतो, त्यामुळे शक्य असल्यास दिवाळीनंतर जावे.

मुख्याध्यापक बहुधा माध्यमिक शाळा संहितेकडे, म्हणजे राज्यातील माध्यमिक शाळांच्या नियमावलीकडे, बोट दाखवतील. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यानंतर जनरल रजिस्टरातील नोंदी बदलण्यावर संहितेने मर्यादा घातल्या आहेत, आणि ही अडचण ते मनाने रचत नाहीत. त्यांना नम्रपणे सांगावे की ही मागणी चुकीच्या नोंदीच्या दुरुस्तीची नसून, संसदेने केलेल्या कायद्याखाली दिलेल्या प्रमाणपत्राच्या अंमलबजावणीची आहे, आणि २०२० च्या नियमांसोबतच्या यादीत शाळा, मंडळ व विद्यापीठ यांनी दिलेल्या शैक्षणिक प्रमाणपत्रांचा उल्लेख आहे. शाळा सोडल्याचा दाखला आणि मंडळाचे प्रमाणपत्र आधी बदलून घ्यावे, कारण क्रीडा कार्यालय पुढे तेच पाहणार आहे. क्रीडा प्रमाणपत्राचे नाव त्या यादीत वेगळे लिहिलेले नाही. त्यामुळे शाळेने दिलेल्या खेळाच्या प्रमाणपत्रासाठी शैक्षणिक प्रमाणपत्राचा, आणि सरकारी कार्यालयाच्या प्रमाणपत्रासाठी कलम ६ मधील ‘सर्व अधिकृत कागदपत्रे’ या व्यापक शब्दांचा आधार घ्यावा.

अर्जाचा मजकूर थोडका असावा. वैद्यकीय माहिती, शस्त्रक्रियेचा तपशील, घरच्यांची भूमिका यांपैकी काहीही लिहू नये. ते विचारण्याचा शाळेला अधिकार नाही आणि एकदा लिहिलेले कागदावरून परत घेता येत नाही. पुढील मसुदा आपापल्या गरजेप्रमाणे वापरता येईल :

‘मी आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी असून जिल्हाधिकारी यांनी दिलेल्या ओळख प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. जनरल रजिस्टर क्रमांक अमुक या नोंदीतील व माझ्या क्रीडाविषयक सर्व नोंदींतील नाव व लिंग सदर प्रमाणपत्राप्रमाणे अद्ययावत करून त्याच क्रमांकाने नवीन प्रती द्याव्यात. जुन्या नोंदी नियमानुसार जतन करणे आवश्यक असल्यास त्या गोपनीय म्हणून स्वतंत्र ठेवाव्यात. माझे पूर्वीचे नाव, छायाचित्र व दोन्ही नावांमधील संबंध ही माझी वैयक्तिक व गोपनीय माहिती असून ती माझ्या लेखी संमतीशिवाय कोणालाही देऊ नये. झालेल्या कार्यवाहीची लेखी माहिती मिळावी, ही विनंती.’

अलीकडच्या काळात शिकलेल्यांनी ‘सरल’ आणि ‘यू-डायस प्लस’ या संगणकीय प्रणालींमधील नोंदींचाही उल्लेख करावा. रजिस्टरात शाईने बदल झाला आणि संगणकात जुनेच नाव राहिले, तर पुढची प्रत पुन्हा जुन्या नावानेच निघू शकते.

क्रीडा कार्यालय आणि प्रमाणपत्राचा पेच

या सगळ्या कामातील सर्वांत अवघड भाग येथे आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्याचा लाभ घेण्यापूर्वी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात गाजल्यामुळे ही पडताळणी कसून होते, आणि ती तशी व्हायलाही हवी. पण पडताळणी म्हणजे मूळ संघयादी उघडणे, आणि मूळ यादीत जुने नाव व जुना गट आहे. ज्या तरुणाने शाळेत असताना मुलींच्या संघातून खो-खो खेळून पदक मिळवले, त्याला त्या पदकाचा लाभ घ्यायचा तर आपला भूतकाळ किमान एका कार्यालयासमोर मांडावा लागतो.

हे उघड होणे पूर्णपणे टाळता येत नाही, पण त्याची मर्यादा ठरवता येते. नोकरीची जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे अर्ज करून त्याच क्रमांकाचे, नव्या नावाचे प्रमाणपत्र मागावे. तालुका स्पर्धांचा हंगाम सुरू असताना हे कार्यालय फार व्यस्त असते, त्यामुळे अर्ज हंगामाआधी किंवा नंतर द्यावा. मुला-मुलींचा गट ही त्या सामन्याची वस्तुस्थिती असल्याने कार्यालय गट बदलून देईल, अशी अपेक्षा धरू नये. पण खेळ, वर्ष, पातळी आणि मिळवलेला क्रमांक एवढेच नमूद करणारे पडताळणी पत्र देण्याची विनंती जरूर करावी. पडताळणी अहवाल नियुक्ती अधिकाऱ्याच्या नावे बंद लखोट्यात पाठवावा आणि फाईलमध्ये फक्त ‘प्रमाणपत्र वैध’ एवढाच निष्कर्ष दिसावा, अशीही मागणी करावी. संघटनेच्या प्रमाणपत्राबाबतही हेच.

मूळ प्रमाणपत्रावर स्वतःच्या हाताने खाडाखोड करणे, नाव झाकणे किंवा छायाप्रतीत फेरफार करणे कधीही करू नये. ज्या कार्यालयाला बोगस कागदांची धास्ती आहे, त्याच्यासमोर असा कागद गेला तर खरा खेळाडूही चौकशीत अडकतो.

माहिती अधिकाराच्या अर्जापासून संरक्षण

अनुदानित शाळा आणि क्रीडा कार्यालये माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कक्षेत येतात, त्यामुळे गावातला एखादा हितशत्रू आपल्या जुन्या नोंदी मागू शकतो, ही भीती अनेकांना असते. ती अगदीच निराधार नाही, पण तिच्यावर कायद्यातच उपाय आहे. कलम ८(१)(ञ), म्हणजे इंग्रजी पाठातील 8(1)(j), वैयक्तिक माहिती उघड करण्यापासून सूट देते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने या कलमात केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर ही सूट अधिक व्यापक झाली आहे; मात्र मोठे सार्वजनिक हित दाखवल्यास माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये कायम आहे.

त्याहून उपयोगी याच माहिती अधिकार अधिनियमातील कलम ११ आहे. एखाद्या तिसऱ्या व्यक्तीने (येथे आपण, कारण माहिती आपली आहे) गोपनीय मानलेली माहिती देण्याचा विचार जन माहिती अधिकारी करत असेल, तर त्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्या व्यक्तीला लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिला म्हणणे मांडण्यासाठी १० दिवस मिळतात. हे संरक्षण नीट चालावे म्हणून ती माहिती आपण गोपनीय मानतो, हे कार्यालयाला आधीच लेखी कळवलेले असावे. वरच्या मसुद्यातील गोपनीयतेचे वाक्य त्यासाठीच आहे. ते कोणत्याही अर्जातून गाळू नये. पत्ता बदलला तर कार्यालयाला कळवावा, नाहीतर नोटीस जुन्या घरी, जुन्या नावाने जाईल.

इंटरनेट, वर्तमानपत्रे आणि गावातील आठवणी

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहितीची दुरुस्ती, अद्ययावतीकरण आणि पुसून टाकणे यांचा हक्क कलम १२ मध्ये दिला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून हे हक्क १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, लागू व्हायचे आहेत. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कपाटातील कागदी रजिस्टर स्कॅन होऊन संगणकात गेले, तरच ते त्याच्या कक्षेत येते. तोवर शाळेच्या संकेतस्थळावरील निकाल किंवा फेसबुक पानावरील छायाचित्र काढण्यासाठी साधे विनंतीपत्र पाठवावे, त्यात पानाचा पूर्ण पत्ता आणि स्क्रीनशॉट द्यावा, आणि प्रतिसाद न मिळाल्यास त्या समाजमाध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. मूळ पान काढल्यावरही गुगलच्या शोधात जुना उतारा दिसत राहतो. त्यासाठी गुगलची कालबाह्य मजकूर हटवण्याची वेगळी सोय आहे, ती वापरावी.

वर्तमानपत्राच्या छापील अंकाचे काही करता येत नाही. त्याच्या इंटरनेट आवृत्तीतील नाव बदलण्याची किंवा आद्याक्षरे ठेवण्याची विनंती संपादकांना करता येते, आणि जिल्हा पातळीवरील एका स्पर्धेच्या जुन्या बातमीत कोणाचे मोठे सार्वजनिक हित अडकलेले नसते, हा मुद्दा त्या पत्रात मांडण्यासारखा आहे.

सांघिक खेळाच्या छायाचित्रात इतर खेळाडूही असतात आणि तो विजय त्यांचाही असतो. तेथे पूर्ण छायाचित्र काढण्याऐवजी नावांची ओळ काढणे किंवा आपला चेहरा पुसट करणे एवढेच मागावे. मागणी रास्त असली की ती मान्य होण्याची शक्यताही वाढते. सन्मानफलकाबाबत नवे नाव रंगवायचे की नाव काढायचे, हे पूर्णपणे त्या व्यक्तीने ठरवावे. काहींना नव्या नावाने फलकावर राहायला आवडते, काहींना गावात तसे जाहीर होणे परवडणारे नसते. शाळेचा सुवर्णमहोत्सव जवळ आला असेल, तर स्मरणिकेच्या संपादक मंडळाला छपाईच्या बऱ्याच आधी कळवावे, कारण त्या वेळी जुने अल्बम उघडले जातात. गणपती आणि शिमग्याला चाकरमानी गावी आले की माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर जुने फोटो फिरू लागतात. तेथे कायद्याचा उपयोग फारच थोडा होतो. गटातील एका विश्वासू सहकाऱ्याने आधीच ॲडमिनशी खासगीत बोलून ठेवणे जास्त कामाला येते.

नकार मिळाल्यास

तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. कारणासह लेखी उत्तर मागावे. २०१९ च्या कायद्यातील कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने तक्रार अधिकारी नेमायचा असतो, आणि नियमांनुसार त्याने तक्रारीची चौकशी १५ दिवसांत करायची असते. शाळेत असा अधिकारी नेमलेलाच नसेल, तर ही गोष्ट शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद यांच्याकडील तक्रारीत आवर्जून लिहावी. प्रकरण त्यापुढे गेले तर उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. कर्नाटक आणि मणिपूर येथील उच्च न्यायालयांनी पारलिंगी व्यक्तींच्या शैक्षणिक कागदपत्रांतील नाव व लिंग बदलून देण्याचे आदेश दिलेले आहेत, आणि ते निकाल वकिलांना दाखवता येतात. याचिका करावी लागलीच, तर तिच्यात आपले नाव गुप्त ठेवण्याची परवानगी पहिल्याच दिवशी मागायला वकिलांना सांगावे, कारण न्यायालयीन निकाल इंटरनेटवर प्रसिद्ध होतात.

वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या विधी साहाय्य क्रमांकावर फोन करावा. जाताना यादीची वही, प्रत्येक अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत आणि आलेली उत्तरे तारखेच्या क्रमाने लावून न्यावीत.